हिमालयाचे बालपण सॉल्ट लेकच्या मातीत

वाचकहो, कधी कोलकात्यास जाण्याचा योग आला, तर शहराच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या वसाहतीतल्या एखाद्या बागेतील चिमूटभर माती तळहातावर घेऊन उन्हात निरखून पाहा. तीत अभ्रकाचे बारीक कण चकाकताना दिसतील. जवळपास डोंगर तर नाहीच, साधा खडकही दृष्टीस पडत नाही. मग हे अभ्रक आले कोठून?

पूर्वी येथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. १९६२ साली, डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना, हुगळीच्या पात्रातील गाळ उपसून तो पाण्याबरोबर नळांवाटे येथे आणून टाकण्यास आरंभ झाला. त्या भरावावर नगर वसले. त्याचेच नाव बिधाननगर. हुगळी ही गंगेची शाखा आणि गंगेचा बहुतेक गाळ हिमालयातला. तेव्हा ही घरे ज्या भूमीवर उभी आहेत, ती भूमी म्हणजे झिजलेला हिमालयच होय!

पर्वत कसा वाढला हे पर्वतालाच विचारावे, असे आपणांस वाटेल. आपला सह्याद्री पाहा. लाव्हाचे थर एकावर एक आडवे रचलेले दिसतात. हिमालयात मात्र थर मुडपलेले, उलथेपालथे झालेले आढळतात, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी प्राण्यांचे अवशेष असलेला चुनखडक सापडतो. लडाखमधील समुद्रात साचलेले अखेरचे थर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भारतभूमी आशियाला भिडली आणि मधला समुद्र मिटला तो त्या सुमारास, असे त्यावरून समजते.

परंतु पुढची कथा पर्वतावर सलग वाचता येत नाही. त्या पहिल्या डोंगरांचे माथे केव्हाच झिजून वाहून गेले. खोल दबलेले खडक उष्णतेने पालटले. मूल वाढले की त्याची अंगडी-टोपडी अंगावर राहत नाहीत, ती शोधायची तर घरातली जुनी पेटीच उघडावी लागते. हिमालयाची ही पेटी म्हणजे बंगालची भूमी आणि तिच्यापुढचा सागरतळ.

कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेले छिद्र १८४० पर्यंत ४८१ फूट खोल गेले होते. खोलवर कुजलेले लाकूड मिळाले, परंतु सागरी थराचा मागमूसही लागला नाही. म्हणजे आज समुद्रसपाटीच्याही खाली असलेला तो गाळ कधीकाळी उघड्या जमिनीवर साचला होता! गाळ साचत गेला आणि जमीन खचत गेली. म्हणूनच जुने थर खाली सुरक्षित राहिले. बंगालच्या उपसागरात अशा थरांची जाडी काही ठिकाणी १६ किलोमीटरांपर्यंत आहे.

या थरांतील झिर्कॉन नावाचे चिवट कण शास्त्रज्ञ वेचून काढतात. त्यांतील युरेनियमचे हळूहळू शिसे बनते. त्या प्रमाणावरून कण केव्हा जन्मला हे कळते आणि तो कोणत्या खडकांतून आला असावा याचा माग लागतो. शिवाय युरेनियमचे अणू फुटताना कणात सूक्ष्म ओरखडे उमटतात. सुमारे २४० अंश सेल्सियसच्या वर ते भरून निघतात, त्याखाली टिकतात. ओरखडे मोजले की कण खालच्या उष्णतेतून वर येऊन केव्हा निवला हे ठरते. समजा, कण ४ कोटी वर्षांपूर्वी निवला आणि ज्या थरात तो सापडला तो ३.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे अवघ्या २० लाख वर्षांत तो आठ-एक किलोमीटर खोलीवरून वर येऊन, सुटून, वाहून आला. एवढी घाई उंचावणाऱ्या आणि वेगाने झिजणाऱ्या पर्वतातच संभवते.

बांगलादेशातील बराइल खडकांच्या अभ्यासातून, सुमारे ३.८ कोटी वर्षांपूर्वी हिमालय असा वेगाने झिजत होता, असे दिसून आले आहे. मात्र थर फार खोल गाडला गेला तर उष्णतेने जुने ओरखडे पुसले जातात. म्हणून शास्त्रज्ञ एकाच साक्षीदारावर विसंबत नाहीत. २०१५ साली उपसागरात ८ अंश उत्तर अक्षांशावर सात ठिकाणी छिद्रे घेऊन सागरतळाचा गाळ वर काढण्यात आला, तो अशीच साक्ष पडताळण्यासाठी.

योगायोग असा की, १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पूर्व विभागाचे भूविज्ञान भवन सॉल्ट लेकमध्येच, करुणामयी येथे आहे. हिमालयाचा शोध घेणारे हे कार्यालय हिमालयाच्याच चिखलावर उभे आहे!

हा अभ्यास केवळ कुतूहलाचा नव्हे. भारतभूमी आजही दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत आहे. त्याच रेट्याने हिमालय वाढतो आणि त्याच रेट्याने भूकंपही होतात. मऊ, ओल्या गाळावर धक्क्याचा जोर वाढतो. म्हणून पर्वतापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या कुटुंबालाही पायाखालची माती ओळखूनच घर बांधावे लागते. तळहातावरची ती चिमूटभर माती टाकून देण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे, की पर्वताचा प्रवास अजून संपलेला नाही.