जावाचा जीर्णोद्धार : आधी मोजा, मग कापा

इंजिन चालवून जितकं झिजतं, त्याहून जास्त ते उभं राहून खराब होतं. जावा-येझ्दी मोटरसायकलींच्या टू-स्ट्रोक इंजिनाला हे अधिकच लागू पडतं. फोर-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल साठवलेलं असतं. गाडी पडून राहिली तरी आतल्या भागांवर थोडा तेलकटपणा टिकतो. टू-स्ट्रोकच्या क्रँकला तो आधार नाही. त्याचं वंगण पेट्रोलमध्ये मिसळून येतं, काम करतं आणि धुरावाटे निघून जातं. शिवाय या सिलिंडरला व्हॉल्व्ह नसतात. भिंतीतच खिडक्या, म्हणजे पोर्ट असतात. पिस्टन वर थांबला तर कार्ब्युरेटरकडचा पोर्ट क्रँककेसमध्ये उघडा राहतो, खाली थांबला तर सायलेन्सरकडचा सिलिंडरमध्ये. पावसाळ्यातली दमट हवा या वाटांनी थेट आत शिरते. असे काही पावसाळे गेले की रिंगा बिडाच्या सिलिंडरला धरून बसतात, बिग एन्डच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, रोलरांवर गंजाचे ठिपके पडतात आणि रबरी सील कडक होऊन चिरतात.

अशा जावा-येझ्दी आजही वाड्यांच्या पडव्यांत, शेतावरच्या शेडमध्ये, बंद पडलेल्या गॅरेजांत सापडतात. त्या पुन्हा चालू करायला घेणारी तरुण मंडळीही वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती एका सवयीची. इंजिन उघडायच्या आधीच ‘बोअर मारून नवा पिस्टन टाकू’, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करू, असं ठरून जातं. हे इंजिन दुरुस्त होत राहावं म्हणूनच तसं घडवलेलं आहे, हे खरं. पण दुरुस्तीसाठी त्यात ठेवलेला धातू मोजका आहे आणि तो परत भरता येत नाही. म्हणून जीर्णोद्धाराचं पहिलं काम मोजमापाचं आहे.

प्राग ते म्हैसूर

फ्रांतिशेक यानेचेक हे प्रागचे शस्त्रनिर्माते. १९२९ साली त्यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीचा मोटरसायकलचा व्यवसाय विकत घेतला आणि दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव घेतलं. पहिली जावा ५०० सीसीची आणि महाग होती. मंदीच्या त्या वर्षांत ती खपणं अवघड होतं. मग ब्रिटिश रचनाकार जॉर्ज पॅचेट यांच्या साथीनं १९३२ मध्ये व्हिलियर्सचं १७५ सीसी टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली साधी, स्वस्त गाडी आली आणि तिनं कंपनीला तारलं. थोडे भाग, सोपी रचना आणि सामान्य माणसाला झेपणारी देखभाल हा जावाचा पिंड तेव्हापासूनचा.

दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी एक नवी २५० सीसी गाडी गुपचूप तयार केली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ती जगापुढे आली. त्याच वंशातलं १९५० च्या दशकातलं ३५३ क्रमांकाचं मॉडेल पुढे भारतीय जावाचा पाया ठरलं. त्याचा सिलिंडर ६५ मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २४९ सीसी. सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, एकाच सिलिंडरमधून निघणारे दोन सायलेन्सर आणि इंजिन-गिअरबॉक्स एकाच कवचात. किक आणि गिअरचा दांडा एकच. गिअर टाकताना तोच दांडा क्लचही मोकळा करतो.

भारतातल्या जावाचं मूळ मुंबईत आहे. रुस्तम आणि फारुख इराणी यांची आयडियल मोटर्स ही पेढी जावा आयात करून विकत असे. आयातीवरचे निर्बंध वाढल्यावर गाडी इथेच बनवायचं ठरलं आणि म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० च्या दशकात त्यांवर ‘येझ्दी’ हे नाव आलं, १९७८ मध्ये रोडकिंग आली. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांकडे गिऱ्हाईक वळलं. धुराविषयीचे नियमही कडक होत गेले. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर या गाड्या ज्यांच्या जिवावर धावत राहिल्या ते कारखान्याबाहेरचे लोक होते : गॅरेजवाले, बोरिंगवाले, लेथवाले आणि जुने सुटे भाग राखून ठेवणारे दुकानदार.

उघडताना घाई नको

पडून राहिलेल्या इंजिनाला सगळ्यात मोठी इजा होते ती पहिल्या किकनं. पिस्टन अडकलेला असताना दांड्यावर उभं राहून जोर लावला तर रिंगा तुटतात, किकचे दाते झिजतात, क्वचित कनेक्टिंग रॉडही वाकतो. आधी प्लग काढावा, डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलचं मिश्रण सिलिंडरमध्ये सोडावं आणि ते रिंगांभोवती झिरपायला काही दिवस द्यावेत. नंतर हेड काढून, लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून, पिस्टन हलक्या हातानं हलवून पाहावा. लोखंडी हातोडी ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर कधीच चालवू नये.

क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे करतानाही हाच संयम लागतो. सांध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं की त्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि कुठल्याही पॅकिंगनं ते पुन्हा हवाबंद होत नाही. योग्य पुलर वापरावा. बेअरिंग काढण्यासाठी कवच शंभर अंशांच्या आसपास सगळीकडून सारखं तापवलं की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि बेअरिंग अलगद सुटतं. हे दोन अर्धे कारखान्यात जोडीनं कातलेले असतात. एका गाडीचा डावा आणि दुसरीचा उजवा असा संसार मांडला तर क्रँकची दोन्ही टोकं एका रेषेत बसतीलच असं नाही.

शतांश मिलिमीटरचा हिशोब

आता सिलिंडर. रिंगा जिथे वर जाऊन परत फिरतात, तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त असतो आणि वंगण सर्वांत कमी. म्हणून झीज वरच्या भागात अधिक होते. कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टन पुढे-मागे भिंतीवर दाबला जातो, त्यामुळे मूळचं गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. म्हणून बोअर गेजनं निदान तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजायचं. ही मापं शेजारी शेजारी लिहिली की सिलिंडर कुठे गोलाई सोडून गेला आहे ते कळतं आणि किती धातू काढावा लागेल तेही.

ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यानं येतात : ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. कारखान्यातल्या बोलीत हेच दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ६५ मिलिमीटरचा व्यास ६६ वर गेला की सिलिंडर सुमारे २५७ सीसीचा होतो. त्यानं ताकदीत फारसा फरक पडत नाही, पण भिंत पातळ होते आणि पुढच्या दुरुस्तीची सोय संपत येते. गंजाचे वरवरचे डाग नुसत्या होनिंगनं, म्हणजे बारीक दगडानं घासून, निघत असतील आणि माप मर्यादेत असेल, तर बोअर मारायची गरजच नाही. पहिल्या टप्प्यात काम भागत असताना ‘सरळ चाळीस थाऊ मारून टाका’ म्हणणारा माणूस पुढच्या मालकाचा धातू खर्च करत असतो. शेवटचं माप ओलांडल्यावर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, टाकण्याचा उपाय उरतो. तिथे मात्र स्लीव्हमधले पोर्ट मूळच्या उंचीवर आणि मूळच्या कोनात कापावे लागतात.

या कोनांना मोठं मोल आहे. सुरुवातीच्या अनेक टू-स्ट्रोक पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असे. ताजं मिश्रण सरळ सायलेन्सरकडे पळून जाऊ नये म्हणून त्याला वर वळवायचं काम तो करी. पण तो पिस्टनचं वजन वाढवी आणि तापेही. जर्मन अभियंता अडॉल्फ श्नुर्ले यांनी १९२० च्या दशकात पोर्टची दिशाच अशी ठेवली की मिश्रणाचे झोत सायलेन्सरच्या विरुद्ध भिंतीकडे जातात, वळसा घेऊन वर चढतात आणि जळालेल्या वायूला बाहेर रेटतात. जावाचा सिलिंडर याच तत्त्वावर श्वास घेतो. म्हणून पोर्ट ‘मोठे करून पिकअप वाढवण्याचा’ मोह टाळायला हवा.

पिस्टन बसवताना भिंतीपासूनचं अंतर म्हणजे इंजिनाचं आयुष्य. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. अंतर कमी ठेवलं तर गरम झाल्यावर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवलं तर थंड इंजिन खडखडतं आणि रिंगा लवकर जातात. ही सगळी तफावत माणसाच्या केसाच्या जाडीच्या आत-बाहेर खेळते, म्हणून नवा पिस्टन बोरिंगवाल्याच्या हातात आधी द्यायचा आणि त्याचं माप घेऊनच भोक कापून घ्यायचं. बोअर आणि होनिंग झाल्यावर पोर्टच्या धारदार कडा हातानं मोडाव्या लागतात. नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रिंगेची टोकं खिडकीत शिरू नयेत म्हणून पिस्टनच्या खाचेत बारीक पिना असतात. रिंगेची फट त्या पिनेवर बसली आहे ना, हे पाहिल्याशिवाय सिलिंडर खाली उतरवू नये.

क्रँक आणि सील

टू-स्ट्रोकची क्रँककेस हा एक पंप आहे. पिस्टन वर जाताना ती मिश्रण आत ओढते, खाली येताना दाबून सिलिंडरमध्ये पाठवते. म्हणून तिचा हवाबंदपणा सिलिंडरइतकाच महत्त्वाचा. डायनामोच्या बाजूचं ऑइल सील फाटलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवाकोरा पिस्टनही जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर तिथलं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि तेलाची पातळी गुपचूप उतरते. नवा पिस्टन टाकूनही ‘गाडी गरम होते’ अशी तक्रार राहिली, तर सील तपासावेत. इंजिन जुळवल्यावर सगळी तोंडं बंद करून, साध्या हातपंपानं सुमारे ६ पीएसआय दाब भरून तो टिकतो का पाहणं, हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

कनेक्टिंग रॉड बाजूला थोडा सरकतो, ते ठीक. वर-खाली खेळ जाणवला तर बिग एन्ड गेलं. मग क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन, रोलर आणि रॉड बसवावे लागतात. खरं कौशल्य त्यानंतरचं. क्रँक दोन सेंटरांमध्ये धरून, डायल गेज लावून, तांब्याच्या हातोडीनं एकेक टोला देत दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आणायची. डायलची सुई दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत आली की क्रँक सरळ झाली. हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत.

ठिणगी, पेट्रोल आणि कागद

ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवून, प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून, पिस्टन शिखरावर पोचण्याआधी नेमका कुठे असताना ठिणगी पडते ते मोजायचं. ‘कानानं टायमिंग लावणारे’ जुने मिस्त्री थोर होतेच, पण नव्या बोअरचं इंजिन कानाच्या भरवशावर सोडू नये.

पेट्रोलचा प्रश्न आजचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर आणि पेट्रोलच्या कॉकमधलं बूच बिघडवतं, जस्ताच्या मिश्रधातूंना गंजवतं. म्हणून नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्यावेत आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. त्या काळच्या टू-स्ट्रोकांना पेट्रोलच्या चार टक्क्यांच्या आसपास तेल लागे. आजचं टू-टी ऑइल अधिक चांगलं असलं, तरी पहिल्या काहीशे किलोमीटरांत हात आखडता घेऊ नये. या काळात वेग सतत बदलता ठेवावा आणि चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटू नये.

कागदांचाही विचार लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद केली : ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. साठच्या दशकातल्या जावा या वयात बसतात. पण नोंदणीचा आधार असलेला इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. तो घासून चकाकी आणणं किंवा दुसरंच कवच बसवणं म्हणजे गाडीची ओळख पुसणं.

विद्या कुणाच्या हाती

महाराष्ट्रात हे काम अजून होतं, याचं श्रेय आपल्या शेतीच्या इंजिनांनाही द्यायला हवं. किर्लोस्करांची, सातारा रोडच्या कूपर यांची, कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडलेली इंजिनं विहिरींवर पाणी उपसत राहिली आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव बोरिंग मशिनं, लेथ आणि ती चालवणारी माणसं उभी राहिली. मोटरसायकलचे सिलिंडर त्यांच्याच हाताखालून गेले. आता विजेच्या पंपांनी ती इंजिनं हटवली आहेत आणि बोअर मारण्याऐवजी अख्खा भागच बदलण्याची रीत रुळली आहे. मशिनं भंगारात जात आहेत, कारागीर निवृत्त होत आहेत.

म्हणून जावा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकानं एक वही ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सिलिंडरची सगळी मापं, बसवलेल्या पिस्टनचा आकार, ठेवलेलं अंतर, सील आणि बेअरिंगचे क्रमांक, टायमिंग आणि काम करणाऱ्याचं नाव त्यात तारखेसह लिहावं आणि गाडी विकली तर वही गाडीबरोबर द्यावी. बोरिंग चालू असताना शेजारी उभं राहून पाहावं, विचारावं, शक्य तर आयटीआयच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत न्यावं. पुढे कुणीतरी हेच इंजिन पुन्हा उघडेल. त्याच्या हाती शिल्लक धातू आणि खरी मापं पोचली, तरच आपला जीर्णोद्धार पुरा झाला असं म्हणता येईल.