बोकडाची पारख करडांवरून

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडील आपले व्यापारी बंधू बोकडाच्या पाठीवर हात फिरवतात, छाती-मांड्या पाहतात आणि भाव ठरवतात. कापायच्या जनावराला एवढी पारख पुरते. पैदाशीचा बोकड मात्र नुसत्या नजरेने निवडला तर फसगत होते. भरपूर खुराकावर पोसलेला बोकड आपला खुराक करडांना देत नाही. देतो तो वंशगुण, आणि तोही निम्मा, बाकीचा आईचा.

शिवाय मटणाचा उतारा कापल्यावरच कळतो, आणि कापलेला बोकड पैदाशीला उरत नाही. म्हणून बापाची परीक्षा संततीवरून घेतात. आयर्लंडमध्ये कत्तलखान्यात संकरित गुरांच्या धडाचे वजन, ठेवण व चरबी बिल्ल्याच्या क्रमांकावर नोंदली जाते. वय, कळप व हंगाम यांचा परिणाम गणिताने वगळून वळूची प्रत ठरते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. तेव्हा आपल्याला हे शास्त्र उपयोगी पडेल ते शेळीसाठी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उस्मानाबादी आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने संगमनेरी शेळीबाबत पशुपालकांच्या कळपांत नोंदी ठेवून बोकड निवडण्याचे काम केले आहे. कोकणच्या दमट हवेत टिकणारी जात म्हणजे सिंधुदुर्गाकडील कोकण कन्याळ.

घरच्या कळपात सुरुवात एका वहीने करता येते. करडाचा बाप, जन्मतारीख, एकटे की जुळे हे लिहावे. तीन, सहा व नऊ महिन्यांनी वजन करावे. दोन बोकडांची तुलना एकाच कळपातील, एकाच हंगामातील करडांवरूनच करावी, जुळ्यांची जुळ्यांशी.

खाटीक बंधूंच्या तराजूवर तर ही माहिती रोजच पडते आणि वाया जाते. २५ किलोच्या बोकडाचे धड १२ किलो भरले, तर उतारा ४८ टक्के. बाप कोणता हे ठाऊक असेल, तर हा आकडा शेळीवाल्याला जरूर कळवावा.

खरा तोटा बकरी ईदला होतो. झपाट्याने वाढलेला बोकड चांगला भाव मिळतो म्हणून आधी विकला जातो आणि मागे राहिलेला खुरटा पैदाशीला लागतो. असे दरवर्षी झाले की कळप उतरत जातो. यासाठी सहा महिन्यांच्या वजनावरून उत्तम असे एक-दोन बोकड बाजूला काढावेत आणि त्यांची करडे तोलून होईपर्यंत विकू नयेत. गाभणकाळ पाच महिने आणि करडांची वाढ सहा महिने, म्हणजे सुमारे वर्षभराचा सबर. पुढे मुलींशी संयोग टाळण्यासाठी तो बोकड शेजारच्या गावी बदलून द्यावा.