समजून घ्या : केळीचं पील आईपासून कधी वेगळं करायचं? वय नव्हे, पान आणि कंद पाहा

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर, मुदखेडचा पट्टा केळीसाठी ओळखला जातो. आपण खातो त्या केळीत पेरण्याजोगं बी नसतं. बुंध्याशेजारी जमिनीतून वर येणारी पिलं हीच तिची पुढची पिढी. काही भागांत त्यांना मुनवे म्हणतात. पील ठेवायचं, कापायचं की लागवडीसाठी खणून घ्यायचं, हा निर्णय चुकला तर फटका थेट घडाला बसतो. आणि चूक लक्षात येईपर्यंत वर्ष निघून गेलेलं असतं.

पील येतं कुठून?

केळीचं उभं दिसणारं खोड हे खरं खोड नसतं. पानांचे खालचे भाग एकावर एक घट्ट बसून ते तयार होतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. या कंदाच्या डोळ्यातून पील फुटतं आणि सुरुवातीला आईच्याच अन्नावर वाढतं. त्यामुळे त्याला किती महिने झाले, यापेक्षा त्याच्या स्वतःच्या कंदात किती अन्न साठलं, हे महत्त्वाचं.

रुंद पानाचं पील चांगलं की अरुंद?

इथेच नजर फसते. रुंद, हिरव्यागार पानांचं पील तब्येतीनं चांगलं वाटतं. प्रत्यक्षात त्याची आईच्या कंदाशी जोडणी कच्ची असते. आईकडून पुरेसं मिळत नाही म्हणून ते लवकर पानं पसरून स्वतःचं अन्न करू लागतं. त्याचा कंद लहान राहतो आणि पुढे घडही हलका येतो.

याउलट तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, टोकदार पानं असलेलं पील आईला घट्ट जोडलेलं असतं. बुडाशी जाड आणि वर निमुळतं असं हे पील लागवडीसाठी निवडावं.

मग वेगळं कधी करायचं?

पील कशासाठी हवं, यावर उत्तर अवलंबून आहे.

• नवीन लागवडीसाठी : तीन ते चार महिन्यांचं, तलवारी पानांचं पील घ्यावं. कंद उभट, नारळासारखा आणि साधारण ४५० ते ७०० ग्रॅम वजनाचा असावा. वय भरलं, पण कंद हलका असेल तर ते आणखी काही दिवस आईजवळ राहू द्यावं.

• फक्त घड हवा असेल तर : घड निसवेपर्यंत येणारी पिलं वेळोवेळी जमिनीलगत कापावीत. मोठी होण्याची वाट पाहू नये. ती खणून काढू नयेत, कारण त्यात आईची मुळं तुटतात.

• पीलबाग धरायची असेल तर : घड निसवल्यावर एकच जोमदार तलवारी पील ठेवावं, बाकीची कापावीत. हे पील आईपासून तोडायचं नसतं, जागेवरच वाढवायचं असतं. आधीच जम बसलेला असल्यामुळे त्याचा घड नव्या लागवडीपेक्षा लवकर हाती येतो.

एखादं पील जास्त राहिलं तर काय बिघडतं?

दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडं बसतात. प्रत्येकाशेजारी तीन पिलं राहिली तर १३ हजारांहून अधिक नवे वाटेकरी तयार होतात. पाणी आणि खत तेवढंच, खाणारी तोंडं मात्र चौपट.

नांदेडच्या केळीला विष्णुपुरी आणि इसापूर प्रकल्पांच्या पाण्याचा आधार आहे. लातूरचं गणित वेगळं. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. केळी हे वर्षभर शेतात उभं राहणारं पीक, त्याला उन्हाळा चुकवता येत नाही. म्हणून विहीर-बोअरला पुढच्या उन्हाळ्यात पाणी किती राहील, याचा अंदाज घेऊनच पीलबागेचा निर्णय घ्यावा. पाण्याची खात्री नसेल तर घड काढून बाग मोडणं परवडतं.

निवडताना धोका कोणता?

पिलासोबत रोगही नव्या शेतात जातो. पर्णगुच्छ आणि मर हे दोन्ही रोग पिलांतून पसरतात. पर्णगुच्छ झालेल्या झाडाचीही पानं अरुंद दिसतात, त्यामुळे तलवारी पील समजून ते उचललं जाण्याची भीती असते. फरक असा : रोगट झाडाची पानं शेंड्याशी झुपक्यासारखी एकत्र येतात, आखूड आणि ताठ राहतात. देठावर गडद हिरव्या तुटक रेषा दिसतात. असं झाड कंदासह उपटून नष्ट करावं.

म्हणून पिलाआधी त्याची आई पाहावी. निरोगी, भरदार घड दिलेल्या झाडाचंच पील घ्यावं. एका झाडाची पिलं कापल्यावर विळा निर्जंतुक करूनच दुसऱ्या झाडाला लावावा. लागवडीपूर्वी कंदावरची जुनी मुळं छाटावीत आणि कृषी विभाग किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानं कंदप्रक्रिया करावी.

थोडक्यात : पान अरुंद, बूड जाड, कंद वजनदार आणि आई निरोगी. चारही गोष्टी जुळल्या तरच पील लागवडीसाठी काढावं.