गुप्त लिपी : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : मोडी ही मराठ्यांची गुप्त लिपी होती.
वस्तुस्थिती : चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९मध्ये तारापूरचा किल्ला घेतला, मग वसई. त्या काळच्या स्वाऱ्यांचा पत्रव्यवहार मोडीत आहे हे खरं. पण गावचा जमाखर्च, वतनाचे कागद आणि सावकाराचं कर्जखतही मोडीतच लिहीत. बोरू फारसा न उचलता भराभर लिहायची ही रोजच्या व्यवहाराची लिपी. आज ती वाचणारे थोडे उरले, म्हणून ती गूढ वाटते एवढंच.

गैरसमज : अक्षरांऐवजी खुणा वापरल्या की कोणाच्या बापाला कळणार नाही.
वस्तुस्थिती : अशा लिपीचं बिंग कसं फोडायचं, हे बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवलं. प्रत्येक भाषेत काही अक्षरं वारंवार येतात, काही क्वचित. मराठीत वाक्यामागून वाक्य ‘आहे’वर संपतं. खुणा कितीही विचित्र काढा, एकच जोडी सारखी वाक्याच्या शेवटी दिसू लागली की पहिला धागा हाती लागतो.

गैरसमज : पद्धत लपवली की निरोप सुरक्षित.
वस्तुस्थिती : मुलांची ‘च’ची भाषा बघा. पहिलं व्यंजन शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी ‘च’ आणायचा. पालघरचं होतं ‘चालघरप’, बोईसरचं ‘चोईसरब’. युक्ती कळली की खेळ खलास! म्हणूनच ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३मध्ये दंडक घातला : पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावं. २००१मध्ये अमेरिकेने प्रमाण ठरवलेली ‘एईएस’ पद्धत कोणालाही वाचायला खुली आहे. तिची सर्वांत लहान किल्ली १२८ बिटांची. पण तेवढ्यातही किल्ल्यांच्या शक्यता इतक्या, की ती संख्या लिहायला ३९ आकडे लागतात.

गैरसमज : खात्यातून पैसे गेले, म्हणजे बँकेचा कोड फुटला.
वस्तुस्थिती : कोड फोडायच्या भानगडीत भामटे सहसा पडतच नाहीत, ते किल्ली तुमच्याकडूनच मागून घेतात. बोईसरच्या बाजारात भाजीच्या गाडीवर टांगलेल्या क्यूआर कोडमध्ये गुप्त काही नसतं. पैसे कोणाकडे जायचे, एवढंच त्यात असतं आणि ते कोणताही फोन वाचतो. गुप्त ठेवायचा तो यूपीआय पिन. पैसे मिळवण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कोणी म्हणालं, तर सरळ फोन ठेवा. फसलाच असाल, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.