झोपाळू टाकळा

मुलांनो, पावसाळ्यात चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला, भोसरीतल्या कारखान्यांच्या कुंपणालगत, नाहीतर तुमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक रोप बघता बघता गुडघाभर वाढतं. मेथीसारखी पानं, पिवळी फुलं. हाच टाकळा! संध्याकाळी त्याच्याकडे जरा थांबून बघा. दिवस मावळला की त्याची पानं जोडीजोडीनं मिटतात. सकाळी पुन्हा टवटवीत!

टाकळा तूर-मुगाच्या कुळातला. "मग याच्या मुळांवर गाठी असतील!" असं तुमच्यातला एखादा हुशार गडी म्हणेल. एक रोप उपटून बघा, गाठी नाहीतच. कुळाची रीत यानं पाळलेली नाही.

पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं आजी खुडून आणते. कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि वरून ओलं खोबरं. गरम भाकरीबरोबर काय लागते ही भाजी! फुलं आली की मात्र पानं जून होतात, कडवट लागतात. संस्कृतात याला 'चक्रमर्द' म्हणतात. गजकर्णाचे गोल चट्टे, म्हणजे चक्रं, मोडणारा. त्या चट्ट्यांवर याचा पाला वाटून लावायची जुनी पद्धत आहे. बियांपासून डिंकासारखी पूड करतात. पदार्थ दाट करायला ती वापरतात, अगदी कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यातसुद्धा.

आता नीट लक्ष द्या, आई-बाबांनाही वाचून दाखवा. टाकळ्याचा एक भाईबंद आहे, कासविंदा. काही जण त्याला रानटाकळाही म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला लहान मुलं एकाएकी आजारी पडत, कितीतरी दगावत. कुणी म्हणे मेंदूज्वर. बिजनोरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बोट कासविंद्याकडे गेलं. मुलं खेळता खेळता त्याच्या शेंगांतल्या बिया खात होती!

मग ओळखायचं कसं? टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाशी गोलसर. कासविंद्यात चार-पाच जोड्या, टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी आणि आखूड. ओळख पटली तरी रानातल्या बिया तोंडात घालायच्या नाहीत, आणि भाजी मोठ्यांना दाखवल्याशिवाय खुडायची नाही. आपल्या पट्ट्यात आणखी एक पथ्य: रहदारीच्या रस्त्याकडेचा किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला टाकळा नकोच. धूर-धुळीचा तो पाला कितीही धुतला तरी खात्री नाही.

तिथला टाकळा उपटू मात्र नका. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजरगवत आठवतंय ना? त्याची जागा टाकळा दाटीनं वाढून बळकावतो. म्हणून तर शेतीशास्त्रज्ञ पडीक जागी मुद्दाम टाकळ्याचं बी टाकायला सांगतात. शिवाय पानं कुरतडलेली दिसली, तर उलटून बघा. हिरवी, बारीक अळी सापडली तर ती बहुधा छोट्या पिवळ्या फुलपाखराची असेल!