खोली क्रमांक 109 मध्ये कोण राहतं?

वाचनपाठ : प्रगत गट

लास वेगासहून रिनोला गाडीने निघालात, तर महामार्ग 95 तुम्हाला तासन् तास वाळवंटातून नेतो. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, मध्ये खुरटी झुडपं, आणि पुढे सरळसोट रस्ता. मागच्या सीटवरची मुलं झोपलेली असतात. साधारण तीन तासांनी एक पाटी येते, वेग कमी करावा लागतो, आणि रस्ता एका छोट्या गावातून जायला लागतो. गावाचं नाव गोल्डफील्ड. तिथे रस्त्याला लागूनच एक चार मजली इमारत उभी आहे. खाली दगडी बांधकाम, वर विटांचं. एवढीशी वस्ती, आणि तिच्यात हे एवढं मोठं हॉटेल कशाला, असा प्रश्न पडावा अशी ती इमारत आहे. खिडक्या आहेत, पण आत दिवा नाही. गेल्या पाऊणशेहून जास्त वर्षांत तिथे एकही पाहुणा राहिलेला नाही.

म्हणजे, जिवंत पाहुणा.

लोक म्हणतात की इथे भूत आहे. आपल्या आजी-आजोबांच्या गावातही अशी एखादी जागा असायचीच. पिंपळावरचा मुंजा, विहिरीजवळची हडळ, रात्री वाट चुकवणारा चकवा. गोल्डफील्डच्या भुताला मात्र स्वतःची खोली आहे, आणि खोलीला नंबर आहे : 109.

गोष्ट अशी सांगतात. जॉर्ज विंगफील्ड हा गावातला सगळ्यांत श्रीमंत माणूस आणि या हॉटेलचा मालक. एलिझाबेथ नावाच्या एका तरुणीला त्याच्यापासून दिवस गेले. आपली बदनामी होईल या भीतीने त्याने तिला खोली क्रमांक 109 मध्ये डांबलं आणि खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरला साखळीने बांधून ठेवलं. बाळ जन्मलं, एलिझाबेथ मेली, आणि बाळाला हॉटेलच्या खाली असलेल्या खाणीच्या विहिरीत टाकून दिलं. हे सगळं 1930 च्या दशकात घडलं म्हणे. अजूनही त्या खोलीत गारवा जाणवतो, रडण्याचा आवाज येतो, जिन्यात सिगारचा वास येतो, असं सांगणारे खूप आहेत. भुतं शोधणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांनी तिथे रात्री काढल्या आहेत.

गोष्ट वाचून अंगावर काटा आला? येऊ द्या. पण नंतर थोडं थांबून विचार करू या, कारण या गोष्टीत एका खऱ्या माणसावर खुनाचा आरोप आहे. विंगफील्ड हा काल्पनिक राक्षस नाही. तो 1876 मध्ये जन्मला, 1959 मध्ये वारला, आणि त्याचं आयुष्य कागदपत्रांत नोंदलेलं आहे. आरोप करायचा तर तारखा तरी जुळायला हव्यात ना?

तारखा जुळत नाहीत. विंगफील्डने हे हॉटेल 1920 च्या दशकातच विकून टाकलं होतं. तो स्वतः तर त्याच्याही बरंच आधी रिनोला राहायला गेला होता आणि तिथे बँका चालवत होता. 1930 च्या दशकात त्याच्यापुढे मोठी अडचण होती, पण ती वेगळी. महामंदीत 1932 साली त्याच्या बँका बंद पडल्या. ज्या हॉटेलशी आपला संबंध उरलेला नाही, ज्या गावात आपण राहत नाही, तिथल्या खोलीत तो कोणाला कशाला बांधून ठेवेल? आणि एलिझाबेथ? गोष्टीत तिला आडनाव नाही, गाव नाही, आई-वडील नाहीत. तिच्या मृत्यूला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. वाळवंटात दिवसा तापणारी आणि रात्री थंड होणारी इमारत आवाज करतेच. लाकूड आकसतं, लोखंडी नळ कुरकुरतात, तुटक्या काचेतून वारा शिरतो. एकट्याने अंधारात उभं राहिलं की तेवढं पुरतं.

मग ही गोष्ट सोडून द्यायची का? मला तसं वाटत नाही. कारण तिच्यामुळे आपण गाडी थांबवतो आणि विचारतो की हे हॉटेल इथे आलं कुठून?

त्याचं उत्तर भुताच्या गोष्टीपेक्षा मोठं आहे. 1902 च्या डिसेंबरमध्ये हॅरी स्टिम्लर आणि विल्यम मार्श या दोन तरुणांनी इथे सोन्याच्या खाणीसाठी जागा आखल्या. या डोंगरांत सोनं असल्याचा सुगावा त्यांना टॉम फिशरमन नावाच्या शोशोनी माणसाने आणलेल्या दगडावरून लागला होता. शोशोनी हे त्या प्रदेशाचे मूळ रहिवासी. बातमी पसरली, आणि माणसं यायला लागली. आधी तंबू, मग लाकडी घरं, मग दारूचे गुत्ते, बँका, वर्तमानपत्रं, रेल्वे. चार-पाच वर्षांत, म्हणजे तुम्ही एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाता तेवढ्या वेळात, इथे सुमारे 20,000 माणसं राहू लागली. तेव्हा ते नेवाडातलं सगळ्यांत मोठं शहर होतं.

मराठीत 'झपाटलेला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ज्याला भुताने धरलंय तो झपाटलेला, आणि ज्याच्या डोक्यात एकाच गोष्टीचं वेड शिरलंय तोही झपाटलेला. दुसऱ्या अर्थाने बघितलं तर तेव्हाचं अख्खं गोल्डफील्डच झपाटलेलं होतं. 1906 मध्ये गावाने जगज्जेतेपदाचा मुष्टियुद्धाचा सामना भरवला. बक्षिसाचे 30,000 डॉलर सोन्याच्या नाण्यांच्या रूपात खिडकीत मांडून ठेवले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावेत म्हणून! जो गान्स हा कृष्णवर्णीय खेळाडू आणि बॅटलिंग नेल्सन यांच्यातली ती लढत 42 फेऱ्या चालली. गान्स जिंकला. पैसे मात्र हरलेल्या नेल्सनला जास्त मिळाले. करारच तसा केला होता.

आता खाणीत उतरू या. इथलं सोनं कधी कधी इतकं समृद्ध असायचं की मूठभर दगडात मजुराच्या काही दिवसांच्या पगाराएवढी किंमत असे. मग काय, मजूर असे दगड खिशात टाकून घरी नेऊ लागले. कोणी टोपीच्या आत चोरकप्पा शिवला, कोणी पँटच्या आत लांब पिशवी लटकवली, कोणी कुदळीचा दांडा पोकळ केला. याला तिथे 'हाय-ग्रेडिंग' म्हणत. असा माल गुपचूप विकत घेणारी दुकानंही गावात होती. मजुरांना यात फारसं चूक वाटत नव्हतं. आम्ही जीव धोक्यात घालून खाली उतरतो, थोडं आमचंही आहे, असं त्यांचं म्हणणं. मालकांना अर्थातच ही सरळसरळ चोरी वाटत होती.

1906 मध्ये विंगफील्ड आणि त्याचा भागीदार जॉर्ज निक्सन यांनी बऱ्याच मोठ्या खाणी एका कंपनीखाली आणल्या. आता मालक थोडे आणि ताकदवान झाले. त्यांनी कपडे बदलायच्या खोल्या सुरू केल्या. कामावरून निघताना मजुराने कामाचे कपडे तिथेच उतरवायचे आणि तपासणी होऊनच बाहेर पडायचं. मजूर चिडले. त्यांची संघटना बळकट होती, त्यामुळे संप आणि वाटाघाटी चालू राहिल्या. त्यातच 1907 च्या शरद ऋतूत देशभर बँकांवर संकट आलं. रोख रक्कम मिळेना. कंपनी मजुरांना डॉलरऐवजी कागदी चिठ्ठ्यांमध्ये पगार देऊ लागली. या चिठ्ठ्या दुकानदार घेतील याची खात्री कोण देणार? नोव्हेंबरच्या अखेरीस मजुरांनी काम थांबवलं.

मग मालकांच्या सांगण्यावरून नेवाडाच्या गव्हर्नरने राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे सैन्य मागितलं, कारण काय तर गावात हिंसाचार होणार. डिसेंबरमध्ये सैनिक आले. ते आल्यावर खाणमालकांनी पगार कमी केले आणि संघटना सोडल्याशिवाय कामावर घेणार नाही असं जाहीर केलं. रूझवेल्ट यांनी चौकशीसाठी माणसं पाठवली, तर त्यांना सैन्य बोलवण्याजोगा गोंधळ काही आढळला नाही! पण तोपर्यंत लढाई मजूर हरल्यातच जमा होती. 1908 च्या मार्चमध्ये सैन्य परत गेलं.

आणि त्याच 1908 साली गोल्डफील्ड हॉटेल उघडलं. दीडशेच्या आसपास खोल्या, विजेचे दिवे, खोल्यांत टेलिफोन, लिफ्ट, महोगनी लाकडाने मढवलेलं स्वागतदालन, काळ्या चामड्याच्या गाद्यांची आसनं. वाळवंटात! याच जागेवरचं आधीचं हॉटेल आगीत जळालं होतं, म्हणून हे दगड-विटांचं बांधलं. लवकरच ते विंगफील्डच्या ताब्यात आलं. उद्घाटनाच्या दिवशी पायऱ्यांवरून शॅम्पेन वाहत होती, अशी आठवण सांगतात. खरी असो वा नसो, तशी आठवण का सांगावीशी वाटली असेल हे कळतं.

आता गावाच्या स्मशानभूमीत चला. तिथे एक साधी कबर आहे. तिच्यावर लिहिलंय की एक अनोळखी माणूस ग्रंथालयातली खळ खाऊन मेला, आणि खाली तारीख आहे 14 जुलै 1908. खळ म्हणजे पुस्तकं चिकटवायची पिठाची चिकी. आपल्याकडेही पतंग चिकटवायला घरोघरी अशी खळ शिजवत. तिथल्या खळीत मात्र तुरटी भरपूर होती. असं सांगतात की भुकेने व्याकूळ झालेल्या त्या फिरस्त्याला टाकून दिलेली खळ सापडली, पिठाची आहे म्हणून त्याने ती खाल्ली, आणि तो मेला.

तारीख पुन्हा बघा. हॉटेल उघडलं तेच वर्ष. मी पहिल्यांदा या दोन गोष्टी शेजारी शेजारी वाचल्या, तेव्हा 109 नंबरच्या खोलीचं भय गेलं आणि हे दुसरंच काहीतरी मनात बसलं. एलिझाबेथला नाव आहे, पण ती होती की नाही हे माहीत नाही. या माणसाला कबर आहे, पण नाव नाही.

पुढचा भाग पटकन सांगता येतो, कारण तो पटकनच घडला. 1910 च्या जनगणनेत गावात पाच हजारसुद्धा माणसं उरली नव्हती. 1913 मध्ये पूर आला. खोल खाणीतलं समृद्ध खनिज संपत गेलं, आणि 1919 मध्ये मोठ्या कंपनीने आपलं काम बंद केलं. 1923 च्या जुलैमध्ये आग लागून गावाचा मोठा भाग जळाला. हॉटेल वाचलं, ते बहुतेक दगड-विटांमुळेच. 1940 पर्यंत इथल्या खाणींतून तेव्हाच्या भावाने 8 कोटी 60 लाख डॉलरहून जास्त किमतीचा माल निघाला होता. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या टोनोपा विमानतळावरचे सैनिक हॉटेलमध्ये राहिले. युद्ध संपलं, ते गेले, दार बंद झालं. त्यानंतर वेगवेगळ्या मालकांनी दुरुस्ती सुरू केली, आणि दर वेळी काम अर्ध्यावर राहिलं.

अशा ओस पडलेल्या गावांना अमेरिकेत 'घोस्ट टाउन', म्हणजे भुतांचं गाव, म्हणतात. आपल्याकडे अशा गावासाठी 'बेचिराख' हा शब्द आहे. मुळात तो फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. पण गोल्डफील्डला हा शब्द पूर्ण लागू पडत नाही. तिथे अजून अडीचशेच्या आसपास माणसं राहतात. ते एस्मेराल्डा काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, आणि 1907 मध्ये बांधलेल्या कोर्टाच्या इमारतीत आजही कामकाज चालतं. संध्याकाळी तिथे दिवे लागतात. फक्त हॉटेलात लागत नाहीत.

उत्तरेला अर्ध्या तासावर टोनोपा हे दुसरं खाणगाव आहे. तिथलं 1907 चं मिझपा हॉटेल 2011 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. त्याचंही भूत आहे, लाल कपड्यातली बाई. तिची गोष्ट सांगत सांगत हॉटेलवाले खोल्या देतात, आणि लोक मुद्दाम तिच्या मजल्यावर राहतात. भुतामुळे धंदा बरा चालत असावा.

वाचल्यानंतर बोला : तुमच्या घरातल्या मोठ्यांना त्यांच्या गावातली एखादी भुताची गोष्ट विचारा. त्या गोष्टीत कोणाचं नाव घेतलं जातं? कोणाचं घेतलं जात नाही? गोष्टीतली कोणती माहिती तुम्हाला तपासून बघता येईल, आणि ती कुठे तपासाल? तुमच्या गटाला पाच मिनिटं मराठीत सांगा.