राहतो तो रहिवासी नव्हे काय?

बंगळुरू, गुरुग्राम, नोएडा किंवा हैदराबाद येथील निवासी संकुलांत घर भाड्याने देताना जलतरण तलाव, व्यायामशाळा, क्लबहाउस यांची जाहिरात होते आणि भाडेही त्याच हिशेबाने ठरते. राहायला गेल्यावर मात्र अनेक ठिकाणी भाडेकरूला कळते की, या सुविधांसाठी त्याने वेगळे शुल्क भरायचे आहे, किंवा त्या केवळ मालकांसाठीच राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरांत राहत होती. त्यामुळे हा प्रश्न मूठभरांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

शासकीय सेवेत असताना गृहनिर्माण संस्थांचे अनेक तंटे माझ्यापुढे आले. त्यांत भाडेकरूची बाजू क्वचितच कागदावर असे. कारण संस्थेच्या लेखी सभासद तेवढा मालक. कायद्याची रचनाही अशीच आहे. महाराष्ट्राचा १९७० चा आणि कर्नाटकाचा १९७२ चा अपार्टमेंट मालकी कायदा भाडेकरूला संकुलाच्या नियमांनी बांधून घेतो. पण ते नियम करताना त्याला मत नसते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उद्याने, क्रीडांगणे यांना सामायिक क्षेत्र मानले. परंतु घर भाड्याने घेणाऱ्यास ‘वाटपग्राही’ या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने ज्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई केली, त्यांत पाणी, वीज, जिन्यातील दिवे आणि स्वच्छता एवढ्यांचाच उल्लेख होता. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात लिफ्ट, नळाचा गॅस, वाहनतळ आणि संपर्कसेवा यांची भर पडली. आवश्यकतेची व्याख्या काळानुरूप रुंदावते, हे राज्यकर्त्यांनी एकदा मान्य केले आहे. मग मुलांचे क्रीडांगण आणि वृद्धांची बसण्याची जागा तिच्याबाहेर का राहावी?

मालकांचा आक्षेप असा की, भांडवल त्यांचे, दुरुस्तीचा भारही त्यांचाच. तो रास्त आहे. म्हणून इमारतीचा पुनर्विकास, राखीव निधी, पदाधिकाऱ्यांची निवड यांवरील अधिकार मालकाकडेच राहावा. परंतु देखभालीचा खर्च बहुधा भाड्यातूनच निघतो, आणि अन्यत्र राहणारा मालक त्या सुविधा वापरतही नाही. त्याचा वापराचा हक्क करारकाळापुरता भाडेकरूकडे गेला, तर सुविधांवर एका कुटुंबाचाही अधिक भार पडत नाही.

अशा बाबतीत शासनाने हस्तक्षेप केल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. घर भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून सहकारी संस्थांनी घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे बंधन २००१ मध्ये घालण्यात आले.

गृहनिर्माण हा राज्यांचा विषय असल्याने आदर्श कायदा स्वीकारताना त्यात भर घालण्यास राज्ये मोकळी आहेत. करारकाळात सामायिक सुविधांचा वापर भाडेकरूकडे जाईल, त्याच्याकडून मालकापेक्षा अधिक शुल्क घेतले जाणार नाही आणि त्याची तक्रार भाडे प्राधिकरण ऐकेल, ही तीन कलमे पुरेशी आहेत. नोकरीसाठी परप्रांती गेलेल्या कुटुंबाचे मूल शेजारच्या मुलाबरोबर त्याच झोपाळ्यावर खेळेल की नाही, हे इमारतीच्या मालकीपत्राने ठरवणे नागर समाजाला शोभणारे नाही.